सल्लागाराची बिनविरोध निवड

घरातल्या कर्त्या माणसानं कुणाला नाही म्हणू नये, त्यानं घराची शोभा वाढते, असं मानणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती दिसायला शोभिवंत असतात आणि चालवावी दुसऱ्याच कुणाला तरी लागतात. वडगाव रासाईच्या सरूबाईंची तक्रार नेमकी हीच होती. त्यांचा थोरला मुलगा संपत कुणालाच नाही म्हणत नसे. इथवर ठीक होतं. पण तो हो सुद्धा म्हणत नसे. गावच्या सोसायटीवर संचालक म्हणून निवडून आल्यापासून त्याला एक वाक्य सापडलं होतं आणि ते सोडायला तो तयार नव्हता. काहीही विचारा, तो मान जराशी तिरकी करी, खिशावरचं पेन चाचपी आणि म्हणे, "सगळ्यांना विश्वासात घेऊन ठरवू." एकदा त्याच्या बायकोनं, रंभानं, विचारलं की भाकरी ज्वारीची टाकू का बाजरीची. संपतनं सगळ्यांना विश्वासात घेतलं. त्या दिवशी घरात भात झाला.

सरूबाई स्वतः दुसरीपर्यंत शिकल्या होत्या आणि तिसरीवाचून त्यांचं कधी अडलं नव्हतं. पूर्वी त्या कारखान्यांच्या मागच्या दाराला पडलेली मोडकी लाकडी खोकी उचलत आणि बंबाचं जळण म्हणून विकत. मग त्यांच्या ध्यानात आलं की ज्या कारखान्याच्या मागच्या दारानं लाकूड बाहेर पडतं, त्याच्याच पुढच्या दारानं लाकूड आत जातं, आणि पुढच्या दाराचा भाव चांगला असतो. पुढच्या दारानं जायची ती पॅलेटं. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेला चौकोनी मोठा पाट. कारखान्याचा माल त्यावर बसतो. कारखान्याचा माल जमिनीवर बसत नाही, जावयासारखा त्याला पाट लागतो. सरूबाईंनी पाट ठोकायला घेतले आणि कोरेगाव भीमाजवळ हायवेला लागून त्यांचं आवार उभं राहिलं. दारावर मोठी पाटी लागली, 'सरू पॅलेट्स', आणि पाटीवर सरूबाईंचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो. फोटोत त्या हसत नाहीत. फोटोवाल्यानं हसा म्हटलं होतं, पण हसायचं कारण काय, असं त्यांनी उलट त्यालाच विचारलं होतं.

शेजारचं आवार जालिंदरचं. तोही पॅलेटच करतो. जालिंदर हा सरूबाईंचा पुतण्या, म्हणजे त्यांची जाऊ अनसाबाई हिचा मुलगा. दोन आवारांच्या मध्ये तारेचं कुंपण आहे आणि कुंपणाच्या पलीकडे खुर्ची टाकून अनसाबाई बसलेल्या असतात. (कुंपणातून जनावर जात नाही. बातमी जाते.) या दोघी जावांचं भांडण नाही. सणावाराला त्या एकमेकींना हळदकुंकू लावतात आणि लावताना एकमेकींच्या आवारात ट्रक किती उभे आहेत ते बघतात. आजवर सरूबाईंकडे एक ट्रक कायम जास्तच उभा असे. याच एका गोष्टीवर त्यांची म्हातारपणची झोप अवलंबून होती.

गेल्या पाडव्याला सरूबाईंनी भावकी जेवायला बोलावली आणि अनसाबाईंच्या पानात पुरणपोळी वाढता वाढता जाहीर केलं की आता कारभार संपतकडे, आपण नुसतं खुर्चीत बसणार. असं चारचौघांत, त्यातून जावेसमोर बोललेलं परत घेता येत नाही. कागदावर केलेली सही परत घेता येते, त्याला वकील असतात.

अशा परिस्थितीत श्रावणात सत्यजीत साहेब आले. हे सणसवाडीकडच्या एका मोठ्या कारखान्याचे खरेदी अधिकारी. त्यांनी चहा घेतला आणि सांगितलं की कारखान्याचा माल वाढतोय, आत्ता देता त्याच्या दुप्पट पॅलेटं लागतील. देणार असाल तर दसऱ्याच्या आत हो म्हणा. न जमल्यास तसं सांगा, म्हणजे दुसरीकडे बघता येईल. दुसरीकडे म्हणताना त्यांनी कुंपणाकडे पाहिलं नाही. सरूबाईंनी पाहिलं. पलीकडची खुर्ची जरा पुढे सरकली होती.

दुप्पट पॅलेटं करायची तर दुसरी शेड बांधायला हवी. ती कुठं बांधायची, एवढाच प्रश्न होता. सरूबाईंच्या मते तो प्रश्नच नव्हता. कोरेगावच्या आवाराच्या मागं जागा मोकळी पडली होती आणि तिथं सध्या दोन शेळ्या बांधल्या जात होत्या. पण धाकटा मुलगा विनोद दौंडला राहतो. त्याची बायको रश्मी रेल्वेत नोकरीला आहे, त्यामुळे त्यांचा संसार रेल्वे कॉलनीत. त्यानं दौंडजवळ एक जागा बघून ठेवली होती आणि शेड तिथं व्हावी असं त्याला वाटत होतं. आता शेड कोरेगावात बांधली तर विनोद दुखावणार. दौंडला बांधली तर कोरेगावचे कामगार दुखावणार. शेळ्यांना विचारलं असतं तर त्याही दुखावल्या असत्या.

संपतनं यावर तोडगा काढला. त्यानं ठरवलं की आपण काहीच ठरवायचं नाही. बाहेरची एखादी सल्लागार फर्म नेमायची, ती ठरवेल. सल्लागार फर्म ही काय चीज आहे हे त्यानं घरच्यांना समजावून सांगितलं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की लहान-मध्यम उद्योजकांनी ते आपापल्या ऑफिसात लावून ठेवावं. तो म्हणाला की धंद्यात काही निर्णय असे असतात की घेतले तर बोल लागतो. तो बोल ज्याच्यावर ढकलता येतो आणि ढकलल्यावर जो रागावत नाही, उलट बिल देतो, त्याला सल्लागार म्हणायचं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. तीन फर्म पुढं आल्या.

पहिले बाणेरवाले. हे तीन तरुण होते. तिघांचे शर्ट निळे, तिघांची दाढी एकाच मापाची, बोलायचा मात्र एकच. त्यांनी भिंतीवर उजेड पाडून चित्रं दाखवली. पायऱ्या होत्या, बाण होते, एक डोंगर होता आणि डोंगरावर झेंडा घेतलेला माणूस होता. तुमचा धंदा आम्ही पुढच्या पातळीवर नेतो, असं ते म्हणाले. सरूबाईंनी विचारलं की पुढच्या पातळीवर ट्रक चढतो का. त्यांनी ते लॅपटॉपवर लिहून घेतलं.

दुसरे शिरूरचे पोपटराव. त्यांच्या दुकानावरच्या पाटीवर उद्योग सल्ला, कर सल्ला, वास्तू सल्ला, विवाह सल्ला आणि झेरॉक्स असं ओळीनं लिहिलेलं आहे. यातलं झेरॉक्स उत्तम चालतं. पोपटरावांचा अनुभव दांडगा होता, कारण आजवर त्यांनी सल्ला दिलेल्या प्रत्येक धंद्याच्या मालकाला पुढं दुसरा धंदा काढावा लागला होता, आणि त्याचाही सल्ला त्यांनीच दिला होता.

तिसरे दौंडचे शंकरराव. हे विनोदचे सासरे. उभी हयात रेल्वेत गाड्या सोडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत म्हणून त्यांनी फर्म काढली. काहीही विचारलं तर ते आधी दोन्ही बाजूंना बघत आणि मग सांगत की घाई नको, लाईन क्लिअर होऊ द्या. त्यांच्या हाताखाली कधी अपघात झाला नव्हता. काही गाड्या तर त्यांच्या काळजीनं निघाल्याच नव्हत्या.

संपतची मुलगी अपेक्षा बी.कॉम. आहे आणि आवारातलं ऑफिस तीच बघते. कॉलेजात शिकवलेलं खरं असतं असं तिला अजून वाटत होतं. तिनं तिन्ही फर्मना सारखेच प्रश्न विचारले: आजवर पॅलेटचा कारखाना आतून पाहिलाय का, काम कोण करणार, किती दिवसांत सांगणार, चुकलं तर काय. त्यावरून तिनं गुण दिले आणि एक तक्ता करून वडिलांपुढं ठेवला. संपतनं तो नीट वाचला. मुलीचं कौतुक केलं. मग म्हणाला की तक्ता चांगला आहे, पण त्यात एक मोठा दोष राहून गेलाय. यात एक जण पहिला येतोय.

हे खरंच होतं. एक पहिला आला की दोघे दुखावतात. बाणेरवाल्यांना घेतलं तर विनोदचे सासरे दुखावणार. सासऱ्यांना घेतलं तर पोपटराव दुखावणार, आणि सोसायटीच्या निवडणुकीत पोपटरावांनी संपतची पत्रकं फुकट छापली होती. बाणेरवाल्यांचं दुखावणं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं, पण ते रंभाच्या आत्याच्या गाळ्यात भाड्यानं राहतात असं निघालं. सबब कोणत्याही एका फर्मची निवड करणे हे कौटुंबिक सलोख्यास बाधक असल्याचे संपतच्या निदर्शनास आले. मग त्यानं जे त्याला येत होतं तेच केलं. निवडणूक लावली.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्या तालुक्यात माणूस सोसायटी, पंचायत, दूध संघ आणि शाळेची कमिटी यांच्या निवडणुका बघत मोठा होतो, त्याला कुठलीही वस्तू निवडायची म्हटली की आधी पॅनल आठवतं. संपतच्या सोसायटीतल्या एका संचालकानं तर मुलाच्या लग्नात वऱ्हाड्यांचं मतदान घेऊन बँडवाला निवडला होता. (बँड आला नाही. पण निवड नियमानुसार झाली होती.)

निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून सरूबाईंची नियुक्ती करण्यात आली. आता वास्तविक त्यांनी इथंच पायताण काढायला हवं होतं. पण नियुक्तीपत्र संपतनं शाल-श्रीफळ घेऊन येऊन दिलं, अपेक्षाकडून मोठ्यांदा वाचून घेतलं, आणि त्यात 'अंतिम अधिकार' असे शब्द होते. ते कुंपणापलीकडे ऐकू जातील एवढ्या आवाजात वाचले गेले होते. सरूबाईंनी पदर सावरला आणि खुर्ची दारात, टेबलामागं मांडून घेतली.

मतदारसंघ पाच झाले. करवतीवर काम करणारे तो करवत गट. खिळे ठोकणारे तो खिळे गट. ट्रकवाले तो वाहतूक गट. महिला राखीव गट. आणि पाचवा भावकी गट, ज्यांचा धंद्यात पैचा हिस्सा नव्हता, पण न विचारल्यास वाईट वाटून घेण्याची क्षमता सर्वांत जास्त होती. मतदार यादीवर हरकती आल्या. खिळे गटातल्या म्हस्कूनं अर्ज दिला की आपण सकाळी करवतीवर असतो आणि जेवणानंतर खिळ्यांवर, तेव्हा आपल्याला दोन मतं असावीत. सरूबाईंनी त्याला जेवण बंद करू का विचारलं. हरकत मागं घेण्यात आली.

चिन्हवाटप झालं. बाणेरवाल्यांनी लॅपटॉप मागितला होता. त्यांना कपबशी मिळाली, कारण आल्यापासून त्यांनी तेवढंच हाताळलं होतं. पोपटरावांना छत्री. शंकररावांना कंगवा. (शंकररावांना टक्कल आहे. पण चिन्ह मतदारासाठी असतं, उमेदवारासाठी नसतं, असा निर्णय अधिकाऱ्यांनी दिला आणि तो अंतिम होता.)

त्याच दिवसापासून आचारसंहिता लागू झाली. आचारसंहिता ही फार चांगली गोष्ट आहे. तिच्यामुळे निवडणुकीच्या काळात कुणालाही कोणताही नवा निर्णय घेता येत नाही, म्हणजे मतदार भुलत नाहीत. संपतला ती मनापासून आवडत असे. आयुष्यभर जे तो नुसत्या स्वभावावर करत आला होता, ते आता नियमात बसत होतं. अंमलबजावणी कडक झाली. खिळे संपले, पण नवे आणले नाहीत, कारण त्यानं खिळे गटाला आमिष दाखवल्यासारखं झालं असतं. करवतीचं पातं बोथट झालं. त्याला धार लावणं हे विकासकाम ठरत असल्याचं पोपटरावांनी लेखी कळवलं. आणि निवडणुकीत कोनशिला झाकतात, तशी 'सरू पॅलेट्स'ची पाटीही झाकण्यात यावी, अशी मागणी शंकररावांनी केली. पाटीवर खुद्द निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा फोटो होता, आणि त्यामुळे मतदारांवर दडपण येत होतं. (हे खरं होतं. मतदारांवर त्या फोटोचं दडपण निवडणुकीआधीही होतंच.) सरूबाईंना ही मागणी आपल्या वजनाला धरून वाटली. त्यांनी स्वतः दोन गोणपाटं पाटीभोवती शिवून ती झाकली. हायवेवरून बघणाऱ्याला आता दोनच गोष्टी दिसत: एक गोणपाट, आणि त्याच्या शेजारी स्वच्छ धुतलेली जालिंदरची पाटी.

प्रचार रंगला. शंकररावांनी प्रत्येक मतदाराला दौंड स्टेशनचं वेळापत्रक वाटलं. ते जुनं होतं, पण गाड्यांनीही ते कधी फारसं मनावर घेतलेलं नव्हतं. पोपटरावांनी छत्र्या वाटल्या आणि घरोघर जाऊन पत्रिका बघितल्या. त्यांनी अपेक्षाची पत्रिका बघून परदेशयोग सांगितला आणि त्याच बैठकीत तिच्यासाठी शिरूरचं स्थळही सुचवलं. बाणेरवाल्यांना हे जमेना. ते अजून डोंगरावरच्या माणसावर अडून बसले होते. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की चित्रं पुरे, जेवण घाला. ते हुशार मुलगे होते, एकदा सांगितलेलं त्यांना कळे. त्यांनी ढाब्यावर मटणाचा बेत केला आणि दुसऱ्या दिवशी सगळा करवत गट गाडीत घालून महाबळेश्वरला सहलीला नेला, म्हणजे मतं फुटायला नकोत. करवत गटाचे फोन बंद लागू लागले. करवतीही बंद होत्या. या काळात मतदारांचं समाधान शंभर टक्के होतं आणि पॅलेटांचं उत्पादन शंभरातून उरलेलं होतं.

अशात सत्यजीत साहेबांचा फोन आला. दसरा जवळ आला होता. फोन अपेक्षानं घेतला आणि आजीच्या कानाशी धरला. साहेब म्हणाले, "आजी, मला बाकी काही नको. हो का नाही एवढं सांगा."

सरूबाईंच्या जिभेवर 'व्हय' आलेलं होतं. अगदी ओठापर्यंत आलेलं अपेक्षानं पाहिलं. पण दारात पोपटराव आणि शंकरराव दोघेही चहा घेत बसले होते, निर्णय अधिकारी नियम मोडतात का ते बघत. कुंपणापलीकडची खुर्चीही ऐकत होती. सरूबाई ताठ बसल्या.

"साहेब, आचारसंहिता हाय," त्या म्हणाल्या. "निकालापतूर मला व्हय बी म्हणता येत न्हाई आन् न्हाई बी म्हणता येत न्हाई."

साहेबांनी विचारलं की कसली निवडणूक. सरूबाईंनी सांगितलं की सल्लागाराची. साहेबांनी ते पुन्हा विचारून खात्री करून घेतली. शेवटी म्हणाले की मी स्वतःच येऊन जातो. अपेक्षा फोन ठेवून आजीकडे बघत राहिली. सरूबाईंनी तिला विचारलं की अशी काय बघतीस, बापाची लेक शोभतीस. शोभण्याच्या बाबतीत घरात कुणीच मागं नव्हतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी जे सर्व सुसंस्कृत निवडणुकांत होतं तेच झालं. संपतनं तिन्ही उमेदवारांना वडगावला बोलावलं, नदीकाठच्या मळ्यात खाट टाकून बसवलं आणि तडजोड घडवून आणली. हे काम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे त्याच्या आईनंही कबूल करावं. तो प्रत्येकाला बाजूला नेऊन एकच गोष्ट सांगत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सांगितलं. तडजोड अशी ठरली: वर्ष तिघांत वाटून घ्यायचं. पहिले चार महिने कपबशी, मग छत्री, मग कंगवा. मागच्यानं दिलेला सल्ला पुढच्यानं रद्द करायचा, म्हणजे कुणाचा शब्द खाली पडायला नको आणि कुणाचा वर राहायला नको. मुदत संपल्यावर कुणी खुर्चीला चिकटून बसू नये म्हणून तिघांचेही राजीनामे आधीच घेण्यात आले. बाणेरवाल्यांनी काम सुरू करायच्या आधी राजीनामा देण्याची ही पद्धत नव्यानंच पाहिली. त्यांनी तिचं चित्र काढून घेतलं. ते म्हणाले, हे आम्ही दुसऱ्या ग्राहकांनाही सुचवू.

निवड बिनविरोध झाली. करवत गट सहलीवरून परत आला. आता मत द्यायचं नाही असं कळल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं, तेव्हा त्यांच्यासाठी छत्रीतर्फे आणखी एक जेवण ठेवण्यात आलं. कोरेगावच्या आवारात गुलाल उधळला. ताशा लागला. गुलाल इतका उधळला की बाहेर रचून ठेवलेली पॅलेटं गुलाबी झाली. (कारखान्यांना गुलाबी पॅलेट चालत नाही. का चालत नाही, याचा अभ्यास पुढं छत्रीच्या काळात होणार आहे.) तिन्ही सल्लागारांना एकाच हारात उभं केलं आणि मिरवणूक निघाली. सरूबाई पुढं होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांत गुलाल होता आणि चेहरा फोटोतल्यासारखाच होता, पण चाल जरा वेगळी होती. निवडणूक त्यांनी शांततेत पार पाडली होती. एकही मत बाद गेलं नव्हतं, कारण एकही पडलं नव्हतं.

मिरवणूक आवाराच्या दारातून हायवेच्या कडेनं वळली आणि जालिंदरच्या दाराशी येऊन ताशा आपोआप थांबला.

जालिंदरच्या आवारात ट्रक उभे होते. मोजायची गरज नव्हती. ते रस्त्यापर्यंत आले होते. लाकडं उतरत होती. जालिंदर बिचारा ओशाळून हात जोडून पुढं आला आणि काकूला सगळं सरळ सांगितलं. सगळे तडजोडीसाठी वडगावला होते त्या दिवशी सत्यजीत साहेब आले होते ते सरू पॅलेट्सकडेच. पण हायवेवरून पाटी दिसेना. गोणपाटाशी गाडी थांबवून ते आवार बंद पडलंय का म्हणून विचारायला शेजारी आले. अनसाबाईंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतःचीच. चहा दिला. साहेबांनी जालिंदरला विचारलं की दुप्पट पॅलेटं देशील का. जालिंदर म्हणाला, "व्हय." त्याच्या निर्णयप्रक्रियेचा संपूर्ण वृत्तांत एवढाच आहे. त्यात एकही बाण नाही आणि डोंगर नाही.

अनसाबाई दुसरी खुर्ची आणवून बसल्या होत्या. त्या काही लागट बोलल्या नाहीत. त्यांनी उठून थोरल्या जावेच्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "निवडून आला न्हवं तुमचा मानूस? बरं झालं बाई." हळदकुंकवाला शोभेल अशाच आवाजात म्हणाल्या. सरूबाई मागं फिरल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. रंभानं दोनदा विचारलं, भाकरी ज्वारीची का बाजरीची म्हणून, आणि दोन्ही खेपेला उत्तर आलं नाही.

बाणेरवाल्यांनी मात्र वेळ घालवला नाही. दुसऱ्याच सकाळी त्यांनी पदभार स्वीकारला आणि संध्याकाळपर्यंत पहिला अहवाल दिला. रंगीत होता, गुळगुळीत कागदावर होता, आणि त्यात एकही चूक दाखवता येत नव्हती. अहवालाचा निष्कर्ष असा की, ज्या वाढीव मागणीसाठी दुसरी शेड उभारणे प्रस्तावित होते, ती मागणी आता उरलेली नसल्याने दुसऱ्या शेडची आवश्यकता नाही. सबब शेड कोरेगावात असावी की दौंडला, हा प्रश्न समाधानकारकरीत्या निकाली निघाला आहे.

संपतनं तो अहवाल दोनदा वाचला. शेड दौंडला होत नाही, म्हणून कोरेगावचे कामगार खूश. कोरेगावलाही होत नाही, म्हणून विनोदला कमीपणा नाही. शंकररावांचं येणं नक्की, पोपटरावांचं येणं नक्की, रंभाच्या आत्याचं भाडं चालू. शेळ्या जागच्या जागी. आपल्या हातून इतका पूर्ण निर्णय आजवर झाला नव्हता, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं. तो अहवाल छातीशी धरून आईकडे आला.

सरूबाई आवाराच्या दारात स्टुलावर उभ्या राहून पाटीवरचं गोणपाट उसवत होत्या. एक टाका पक्का बसला होता, निघत नव्हता. टाका त्यांनी स्वतःच घातला होता. अपेक्षानं स्टूल धरलं होतं. संपतनं खालूनच सगळा अहवाल वाचून दाखवला. पलीकडच्या आवारातून लाकडं उतरल्याचे आवाज येत होते, म्हणून त्याला जरा मोठ्यानं वाचावं लागलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला की आई, बघ, सगळं मार्गी लागलं, आणि मुख्य म्हणजे एकही माणूस दुखावला नाही.

सरूबाईंनी टाका दातानं तोडला. गोणपाट खाली पडलं. त्या स्टुलावरून उतरल्या, गुडघा धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग लेकाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. अपेक्षाला वाटलं, आता आजी हात उगारणार. पण आजीचा आवाज अगदी शांत होता, जसा सोयरिकीत मुलगा पसंत पडल्यावर असतो.

"संपत, उद्यापासनं लाकडाला हात लावू नगंस. आवार अपेक्षा बघंल. तू आता मोठ्या निवडणुकीला उभा ऱ्हा, आमदारकीच्या. काय बी न करता समद्यांला खूश ठिवणारा मानूस लोक हुडकतच असत्यात. उन्हात रांग लावत्यात, बोटाला शाई लावून घेत्यात, आन् तुझ्यासारख्यालाच निवडून आणत्यात. मंग घरी येऊन इचारत्यात, आमचा रस्ता का झाला न्हाई."